अळीमिळी गुपचिळी आणि औषधाची गोळी



गेल्या अंकात या पानावर आम्ही कोलेस्टेरॉलबद्दल लिहिलं, तर साजूक तुपाची बाजू घेणारी पत्रं आली, विरुद्ध बाजूची आली, आणि एका आजींनी तर लोणी कढवताना विड्याचं पान केव्हा घालायचं तेही कळवलं. या खेपेच्या विषयावर तितकी पत्रं येतील असं वाटत नाही. आली तर बिननावी येतील. तीही चालतील.

विषय आडपडदा न ठेवता सांगतो. आपण रोज ज्या गोळ्या घेतो, बी.पी.च्या, डिप्रेशनच्या, प्रोस्टेटच्या, त्यांचा नवरा-बायकोच्या शरीरसंबंधांवर होणारा परिणाम. अंक घरात सगळ्यांच्या हाती पडतो, मुलांच्याही, याची आम्हाला कल्पना आहे. पण आपली मराठी शाळेतली मुलं अजून 'कमळ बघ'पाशी आहेत, तेव्हा ती भीती तूर्त नको.

हा विषय काढायचं कारण म्हणजे उन्हाळ्यात आलेली एक चिठ्ठी. पाठवणाऱ्या वाचकभगिनीचं नाव-गाव अर्थातच नाही. मजकूर थोडक्यात असा: यजमान पन्नाशीचे. बी.पी.ची गोळी सुरू झाल्यापासून 'पूर्वीसारखं राहिलं नाही'. यजमान त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. घोरण्याचं निमित्त सांगून पलीकडच्या खोलीत झोपायला लागले. बाईंना वाटलं, आपलंच काही चुकलं, आपण जाड झालो, मन दुसरीकडे गेलं... आणि परवा कपाट आवरताना गोळ्यांची चार भरलेली पाकिटं हाती लागली. म्हणजे जवळजवळ चार महिने गोळी पोटात गेलेलीच नव्हती. 'आता मी काय करू? ह्यांना विचारू, की डॉक्टरांना सांगू?'

झोपायच्या खोलीपेक्षा ती चार भरलेली पाकिटं आम्हाला जास्त काळजीची वाटतात. बी.पी. दुखत नाही, खुपत नाही. गोळी बंद केली तर चार महिने काहीच होत नाही, उलट माणसाला बरंच वाटतं. आणि मग एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं. आपल्या भारतीय लोकांना हृदयविकार इथल्या गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा लवकर गाठतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा गुपचूप गोळी सोडणं हा त्यातला सगळ्यात महाग उपाय. आणि तो स्वस्त वाटतो, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

आता गोळ्यांकडे येऊ. बी.पी.ची सगळी औषधं एका माळेचे मणी नाहीत, हे आधी लक्षात घ्या. या बाबतीत जुनी बदनाम आहेत ती दोन घराणी. एक बीटा-ब्लॉकर: अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल, बिसोप्रोलॉल वगैरे. दुसरं लघवी वाढवणारी थायाझाइड गटातली औषधं: बेन्ड्रोफ्लुमेथायाझाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, इंडापामाइड. यांनी काही पुरुषांना ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, काहींची इच्छाच मंदावते. लघवीच्याच औषधांतलं स्पायरोनोलॅक्टोन शरीरातल्या पुरुषी हार्मोनच्या कामात आडवं येतं, आणि त्याने पुरुषांची छाती दुखरी होऊन वाढूही शकते. याउलट लोसार्टन, कॅन्डेसार्टन, टेल्मिसार्टन हे 'सार्टन' मंडळी, रॅमिप्रिलसारखी 'प्रिल' मंडळी आणि ॲम्लोडिपिन यांचा या बाबतीतला उपद्रव फारच कमी. इथल्या डॉक्टरांची नवीन रुग्णाला पहिली पसंतीही बहुधा यांच्यातूनच असते. म्हणजे गोळी बदलून मिळण्यासारखी असते, आणि पुष्कळदा मिळते. फक्त मागावी लागते.

भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांच्या पिशवीकडे मात्र जरा नीट बघा. तिकडे एका गोळीत दोन-दोन औषधं असतात. ॲम्लोडिपिनच्या जोडीला अटेनोलॉल ही तिथली फार चालणारी जोडगोळी. पाकिटावर नावापुढे 'ए.टी.' दिसलं तर बहुधा ते अटेनोलॉल समजावं, नुसतं 'एच' दिसलं तर हायड्रोक्लोरोथायाझाइड. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी लिहून दिलेली चिठ्ठी तशीच पुढे चालू असते, आणि बाबा म्हणतात, 'सूट झालीय मला.' झालीही असेल. पण बाबांना या बाबतीत कोणी कधी विचारलेलं नसतं, आणि सत्तरीच्या माणसाला असं काही हवंसं वाटत असेल हे आपल्याला सुचतही नाही. (सुचत नाही, म्हणजे सुचलेलं आवडत नाही.)

इथे एका गमतीच्या, पण विचार करायला लावणाऱ्या प्रयोगाची हकीगत सांगायलाच हवी. इटलीतल्या डॉक्टरांनी तो केला आणि २००३ साली तो 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. हृदयविकार किंवा बी.पी.चं नव्याने निदान झालेल्या ९६ पुरुषांना अटेनोलॉल दिलं. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला कोणतं औषध देतोय तेच सांगितलं नाही. दुसऱ्याला औषधाचं नाव सांगितलं, दुष्परिणाम नाही. तिसऱ्याला नावही सांगितलं आणि 'याने ताठरतेला त्रास होऊ शकतो' हेही सांगितलं. तीन महिन्यांनी चौकशी केली तर पहिल्या गटात शंभरात जेमतेम ३ जणांची तक्रार, दुसऱ्यात १५-१६ जणांची आणि तिसऱ्यात ३१ जणांची! औषध एकच, डोस एकच. पुढे तक्रार असणाऱ्यांना गुण यावा म्हणून काहींना खरी गोळी दिली, काहींना खोटी, तर खोटीनेही जवळजवळ तितकाच गुण आला.

याचा अर्थ 'सगळे मनाचे खेळ आहेत' असा नाही. पहिल्या गटातले ते ३ जण होतेच, आणि ज्याला त्रास होतो त्याला तो खराच होतो. पण भीती हेही एक औषधच आहे, आणि ते उलटं काम करतं. आता तुम्ही म्हणाल, मग आम्हाला हे सांगून तुम्ही आम्हाला तिसऱ्या गटात का ढकललंत? प्रश्न बरोबर आहे. पण औषधाच्या पाकिटातला कागद तुम्हाला आधीच त्या गटात ढकलून बसलाय. निदान आमच्याकडून ऐकाल तर पुढचा उपायही कळेल.

त्या कागदाबद्दल दोन शब्द. आपल्या गावाचं नाव रीडिंग (उच्चार 'रेडिंग', पण आपण लिहितो असंच), पण तो कागद इथे कोणी वाचत नाही, आणि वाचणारा सगळाच वाचून घाबरतो. त्यात 'व्हेरी कॉमन' म्हणजे दहात एक किंवा जास्त, 'कॉमन' म्हणजे शंभरात एक ते दहा, 'अनकॉमन' म्हणजे हजारात एक ते दहा, आणि 'रेअर' म्हणजे त्याहून कमी. आपल्याला जो त्रास वाटतोय तो कुठल्या ओळीत आहे ते बघितलं की निम्मं घाबरणं कमी होतं.

दुसरा एक समज इथेच निकालात काढू. 'इंग्रजी औषधांचीच ही भानगड, आपल्या झाडपाल्याला साइड इफेक्ट नाही.' मंडळी, बी.पी.चं आधुनिक जगातलं एक पहिलं परिणामकारक औषध आपल्या झाडपाल्यातूनच आलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा बी.पी.च्या रुग्णांवरचा अनुभव १९४९ साली इथल्याच 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि पुढे ते जगभर दिलं गेलं. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिकही मिळालं. पण त्याच रेसर्पिनने काही रुग्णांना औदासीन्य येऊ लागलं, आणि पुरुषांची इच्छा आणि ताठरता कमी होते अशा तक्रारीही आल्या. मागे पडण्याचं ते एक कारण. मूळ आपल्या मातीतलं, त्याने काम केलं ते खरं आणि त्रास दिला तोही खरा. जे औषध अंगात काहीतरी करतं ते नको ते करण्याचीही शक्यता असतेच. शिलाजित, अश्वगंधा आणि 'पुरुषांसाठी खास' अशा डब्या सूटकेसमधून येतात, त्यांच्याबद्दल तर आणखी सावध राहावं. 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' असं लिहिलेल्या अशा काही औषधांत व्हायग्राचंच द्रव्य चोरून मिसळलेलं इथल्या औषध-नियामकांना अनेकदा सापडलंय. त्यात धोका काय, ते पुढे येतंच.

डिप्रेशनची औषधं हा यापेक्षाही नाजूक मामला, कारण इथे मुळात आजारच लपवलेला असतो. सर्ट्रालिन, सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन ही एस.एस.आर.आय. घराण्यातली औषधं इथे सर्रास दिली जातात, चिंता-काळजीसाठीही. यांच्यामुळे लैंगिक तक्रारी येणं ही काही क्वचितची गोष्ट नव्हे. पुरुषांना स्खलन फार उशिरा होतं किंवा होतच नाही. बायकांना इच्छा राहत नाही, किंवा इच्छा असली तरी शेवटपर्यंत पोचता येत नाही. (याच गुणाचा उपयोग करून घेऊन शीघ्रपतनावर डॅपोक्सेटिन नावाचं औषध काढलंय. एकाचा दुष्परिणाम तो दुसऱ्याचा उपाय.) एक अडचण अशी की डिप्रेशननेही इच्छा मरतेच. मग दोष कोणाचा? औषधाआधी कसं होतं आणि नंतर कसं झालं हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, म्हणून तारखा लिहून ठेवा. डॉक्टर डोस कमी करून बघतात, किंवा मिर्टाझापिनसारखं या बाबतीत कमी त्रासाचं औषध देतात. थोड्या लोकांना औषध बंद केल्यावरही हा त्रास राहतो. युरोपच्या औषध-नियामकांनी २०१९ साली ही गोष्ट मान्य करून माहितीपत्रकात तसं लिहायला सांगितलं. पूर्वी असं सांगणाऱ्या रुग्णांना 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणून परत पाठवलं जाई, तेव्हा ही नोंद त्यांच्या दृष्टीने फार मोलाची. मात्र ही औषधं स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, झोप उडणं असे प्रकार होतात. बीटा-ब्लॉकरचंही तेच, तो अचानक सोडला तर छातीतलं दुखणं उफाळून येऊ शकतं.

प्रोस्टेटचं थोडक्यात. टॅम्सुलोसिन घेणाऱ्या काहींना संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येतच नाही किंवा फार कमी येतं. ते मागे मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. घाबरण्याचं काही कारण नाही, पण कोणी आधी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो. फिनास्टराइड मोठ्या डोसमध्ये प्रोस्टेटसाठी आणि लहान डोसमध्ये केस गळू नयेत म्हणून घेतात. आपली पंचविशी-तिशीतली मुलं हे दुसरं औषध खासगीत विकत घेतात, आई-वडिलांना पत्ताही नसतो. त्याने इच्छा आणि ताठरता कमी होऊ शकते, औषध थांबवल्यावरही हा त्रास काहींना राहिलेला आहे, मन खचून आत्महत्येचे विचार आल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात इथल्या औषध-नियामकांनी पाकिटात इशाऱ्याचं कार्ड घालायचं ठरवलं. घरात मुलगा टकलाच्या चिंतेत असेल तर हा परिच्छेद त्याला वाचून दाखवा, चेष्टा न करता.

इथपर्यंत वाचून आमच्या भगिनी म्हणतील, सगळं पुरुषांचंच चाललंय! खरं आहे, औषधांच्या अभ्यासातही बराच काळ तेच चाललं. पुरुषाचं काय बिघडलं ते दिसतं, बाईचं दिसत नाही आणि कोणी विचारतही नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर वर्षानुवर्षं घ्यायच्या औषधांनी, विशेषतः लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांनी, योनीमार्ग इतका कोरडा पडतो की संबंध म्हणजे शिक्षा वाटावी. रिस्पेरिडोनसारख्या मनोविकाराच्या औषधांनी प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं, पाळी थांबते, इच्छा जाते, कधी दूधही येतं. आणि पाळी गेल्यानंतर तर औषध नसतानाही कोरडेपणा येतोच. आपल्या बायका हे 'वय झालं' या एका शब्दात गुंडाळून ठेवतात. त्याची गरज नाही. योनीमार्गात ठेवायची इस्ट्रोजेनची छोटी गोळी किंवा क्रीम यावर चांगलं काम करतं. पाळी गेलेल्या, पन्नाशीपुढच्या बायकांना अशी एक गोळी २०२२ पासून इथे केमिस्टकडे चिठ्ठीशिवायही मिळते. कर्करोग झालेल्यांनी मात्र आपल्या तज्ज्ञांना विचारल्याखेरीज ती घेऊ नये. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेले उपाय आहेत.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगतो, कारण ती जिवाशी आहे. गोळीवर आळ घ्यायच्या आधी आजाराकडे बघा. बी.पी. आणि डायबेटिस, विशेषतः डायबेटिस, हे दोघे स्वतःच रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू पोखरतात. ताठरता म्हणजे शेवटी रक्ताचा पुरवठा. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे नळ चोंदायला लागले की पाणी आधी तिथे कमी पडतं. छातीत दुखण्याच्या दोन-चार वर्षं आधीसुद्धा ही खूण दिसू शकते. म्हणून चाळिशी-पन्नाशीत कोणतंही औषध चालू नसताना हा त्रास सुरू झाला तर ती लाजेची बाब नसून तपासणीची आहे: साखर, कोलेस्टेरॉल, बी.पी. ढोबळ ओळख अशी, की औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत त्रास आला तर संशय गोळीवर. वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाढत गेला तर संशय रक्तवाहिन्यांवर. आणि पहाटे जाग येताना सगळं ठीक असतं, वेळेवर मात्र दगा, असं असेल तर मनावर. नक्की काय ते डॉक्टर ठरवतील, पण ही माहिती त्यांना तुम्हीच द्यायची.

उपायांतला सगळ्यात प्रसिद्ध उपाय म्हणजे व्हायग्रा. त्याचा जन्म इथलाच, केंटमधल्या सँडविच नावाच्या गावी (खायचं नव्हे). फायझर कंपनी तिथे छातीतल्या दुखण्यावर औषध शोधत होती. वेल्समधल्या मर्थर टिडफिल इथे धडधाकट पुरुषांवर चाचण्या झाल्या. छातीच्या दुखण्याला औषध फारसं कामी आलं नाही, पण चाचणीतल्या मंडळींनी थोडं लाजत एक वेगळाच 'दुष्परिणाम' सांगितला. १९९८ साली ते औषध बाजारात आलं. म्हणजे त्या मंडळींनी तोंड उघडलं नसतं तर ते औषध बहुधा बाद फायलींत पडून राहिलं असतं! आज त्याचं साधं नाव सिल्डेनाफिल, ते स्वस्त झालंय आणि २०१८ पासून केमिस्ट चार प्रश्न विचारून चिठ्ठीशिवायही देतो.

ते चार प्रश्न टाळू नका. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, किंवा इथला जी.टी.एन.चा फवारा, किंवा कोणतंही नायट्रेट चालू असेल तर सिल्डेनाफिल आणि त्याची भावंडं घ्यायचीच नाहीत. दोन्ही मिळून बी.पी. धाडकन खाली येतं आणि माणूस जाऊ शकतो. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन किंवा डॉक्साझोसिन चालू असेल तर तेही सांगा. आणि सूटकेसमधल्या त्या 'वनस्पतीजन्य' डबीचा धोका आता लक्षात आला असेल: आत काय आहे ते घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि ॲम्ब्युलन्सवाल्यालाही नाही.

एवढं सगळं खरं, पण मूळ अडचण औषधाची नाही, तोंड उघडण्याची आहे. दहा मिनिटांची अपॉइंटमेंट, समोर आपल्या मुलीच्या वयाची डॉक्टर, आणि आपल्याला मराठीतसुद्धा ज्याला शब्द सापडत नाही ते इंग्रजीत कसं सांगायचं? आपल्याकडे एक तर संस्कृतातले भारदस्त शब्द, नाहीतर शिव्या. मधलं काही नाही.

मराठीत हे शब्द छापून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस मात्र होऊन गेला. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनला हॉलोवेमध्ये मारी स्टोप्सबाईंनी आपलं काढलं. म्हणजे आम्ही मागे नव्हतो! १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यात वाचक आपल्या अडचणी विचारत आणि कर्वे रोखठोक उत्तर देत. या साऱ्या कामापायी नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरंच 'अश्लील' ठरवली होती. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' (२००१) हा चित्रपट त्यांच्यावरच आहे, मिळाला तर जरूर पाहा. ज्या प्रश्नोत्तरांसाठी एका मराठी माणसाने कोर्टाची पायरी चढली, ते प्रश्न आज आपल्याला बंद दाराआड, फुकटात विचारता येतात.

तेव्हा शब्द आम्हीच सुचवतो. सर्जरीत फोन करताना रिसेप्शनवर सविस्तर सांगायची गरज नाही. 'मेडिकेशन रिव्ह्यू हवा आहे, खासगी बाब आहे' इतकं पुरे. पुरुष डॉक्टर किंवा बाई डॉक्टर हवी असं मागता येतं. आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगून मोकळं व्हा: 'सिन्स आय स्टार्टेड धिस टॅब्लेट, आय हॅव हॅड अ प्रॉब्लेम विथ माय सेक्स लाइफ.' बस्स. पुढचे प्रश्न डॉक्टर विचारतात, दिवसातून असे कितीतरी ऐकतात. उठताना, दाराच्या कडीला हात लावल्यावर 'बाय द वे' म्हणून सांगायची आपली सवय आहे, ती टाळावी, तोवर दहा मिनिटं संपलेली असतात. तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकवा. औषध नवीन असेल तर केमिस्टकडेही विचारा. बी.पी.सारख्या काही आजारांच्या नव्या औषधासाठी २०११ पासून इंग्लंडात 'न्यू मेडिसिन सर्व्हिस' आहे. केमिस्ट पहिल्या काही आठवड्यांत दोनदा फुकट चौकशी करतो, वेगळ्या खोलीत बसून. आणि त्रास औषधाचाच वाटला तर 'यलो कार्ड' भरून कळवता येतं. थॅलिडोमाइडच्या प्रकरणानंतर १९६४ साली ही पद्धत सुरू झाली. आता रुग्णही स्वतः भरू शकतो.

आई-वडिलांना डॉक्टरकडे नेता तेव्हा दुभाषा म्हणून मुलाला किंवा सुनेला बसवू नका. सुनेसमोर सासरे हे बोलणार नाहीत, कधीच नाही, आणि सासूबाई तर त्याहून नाही. एन.एच.एस.कडून दुभाषा फुकट मिळतो, फोनवरूनही. अपॉइंटमेंट घेतानाच मागायचा. फोनवरचा दुभाषा तर बरा, त्याचं तोंड दिसत नाही आणि तो गणपतीत भेटत नाही.

आता चिठ्ठीवाल्या ताईंना. आधी यजमानांशी बोला, डॉक्टरांशी नंतर. पाकिटं समोर टाकून जाब विचारू नका. हा अंक त्या पानावर उघडा करून टेबलावर ठेवलात तरी चालेल. 'गोळी बदलून मिळते म्हणे' एवढंच म्हणा. बघा काय होतं ते. त्यांनी मानलं तर दोघांनी मिळून जा. नाहीच मानलं तर तुम्ही एकट्याही डॉक्टरांना भेटून किंवा चिठ्ठी लिहून कळवू शकता की गोळी चार महिने बंद आहे. यजमानांबद्दल ते तुम्हाला त्यांच्या परवानगीशिवाय काही सांगणार नाहीत, पण तुमचं ऐकून घेतील. आणि तोवर घरी बी.पी. मोजायचं यंत्र आणा. ते दाखवेल तो आकडा गोळीची बाजू तुमच्यापेक्षा चांगली मांडेल. आकडा १८० आणि १२० च्या पुढे दिसला, किंवा डोकं फार दुखणं, दिसायला अंधूक, छातीत दुखणं असं काही असलं, तर बोलण्याची वाट न बघता त्याच दिवशी मदत घ्या. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं काही दिसलं तर सरळ ९९९.

एक सूचना: आम्ही इथे औषधांची नावं दिली ती ओळख व्हावी म्हणून. ती वाचून कोणी आपली गोळी स्वतःच बदलू नये, शेजाऱ्याची उसनी तर मुळीच घेऊ नये. (साखर उसनी घ्यावी, डायबेटिसची गोळी नव्हे.)

पत्रं पाठवा, बिननावी चालतील. पुढच्या अंकात गुडघे.